पायाखालचा लाव्हा किती गरम?

शिरोळच्या एका शाळेत गेल्या हिवाळ्यात मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास ऐकत होतो. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या उद्रेकातून निघालेल्या लाव्ह्याचे बनले आहे, हे वाक्य फळ्यावर लिहून झाले आणि एका मुलीने हात वर केला. "सर, आमच्या बोअरचं पाणी थंडीत सकाळी कोमट येतंय, ते त्या लाव्ह्यामुळंच का? आणि आणखी खोल मारलं तर वाफ लागंल का?"

वर्ग हसला. सरांनी उत्तर दिले, "नाही, तो लाव्हा केव्हाच थंड झाला." मुलगी खाली बसली नाही. "मग पाणी कोमट का?" एवढ्यात घंटा झाली.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना सर म्हणाले, "उत्तर दिलं खरं, पण केव्हाच म्हणजे केव्हा, आणि थंड म्हणजे किती थंड, हे मलाही नीट सांगता येणार नाही." प्रश्न विचारणाऱ्या मुलीइतकेच हे कबूल करणारे सरही मला आवडले. त्या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. पाणी कोमट का येते? लाव्ह्याची उष्णता अजून शिल्लक आहे का? आणि खोल छिद्र पाडून ती वीज करण्यासाठी वर आणता येईल का? तिसरा प्रश्न पोरकट मुळीच नाही. जगात अनेक देश नेमके हेच करतात. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, कोयनेच्या खोऱ्यात, तीन किलोमीटर खोल छिद्रही घेऊन झाले आहे. मात्र ते वाफेसाठी नव्हते.

थंडीत कोमट, उन्हाळ्यात गार

पहिला प्रश्न सोपा आहे. तोच बोअर मे महिन्यात दुपारी चालू करा. पाणी गार लागेल. पाणी बदललेले नसते, आपला हात बदललेला असतो. दिवसाची ऊन-थंडी जमिनीत जेमतेम हातभर उतरते. वर्षाची, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याची, दहा-पंधरा मीटरपर्यंत पोचता पोचता विरून जाते. त्याखाली जमिनीचे तापमान बाराही महिने जवळजवळ सारखे राहते आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. आपल्याकडे ते २६-२७ अंश सेल्सिअस धरायला हरकत नाही. जानेवारीच्या पहाटे बाहेर १३-१४ अंश असताना २७ अंशांचे पाणी कोमट लागणारच. आजीच्या काळी आडाचे पाणी थंडीत 'ऊन' लागायचे, ते याच कारणाने.

पण मुलीच्या प्रश्नात एक कण खरा आहे. दहा-पंधरा मीटरच्या खाली तापमान स्थिर राहते ते काळानुसार, खोलीनुसार नव्हे. आणखी खोल जावे तसे ते वाढतच जाते. आपल्या काळ्या कातळात ही वाढ साधारणपणे दर किलोमीटरला २५ अंश, म्हणजे दर शंभर मीटरला अडीच अंश पडते. तीनशे-साडेतीनशे फुटांच्या बोअरचे पाणी आडाच्या पाण्यापेक्षा दोनेक अंशांनी गरम असू शकते. ही वाढ मात्र लाव्ह्याची शिल्लक नव्हे.

गुऱ्हाळात जा

शिरोळच्या मुलांना थंड होण्याचे शास्त्र शिकवायला गुऱ्हाळापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की पातळ थर पसरतो, गुळव्या तो ढवळतो आणि बघता बघता तो हाताळण्याजोगा होतो. तोच गूळ मोठ्या रव्यात भरला तर बाहेरून गार लागणारा रवा दुसऱ्या दिवशी फोडला तरी आत ऊबदार निघतो. लहान ढेप मात्र लवकर निवते. किती लवकर? इथे निसर्गाचा एक ठाम हिशेब आहे. जाडी दुप्पट झाली तर निवायला लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. जाडी दहापट तर वेळ शंभरपट. उष्णतेला एकेक कणाला धक्का देत, कधी पुढे कधी मागे, वाट काढत बाहेर पडावे लागते. म्हणून वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

दगडासाठी हा हिशेब फळ्यावर मांडता येतो. जाडी मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, आणि त्याला दहा लाखाने गुणा. उत्तर सेकंदांत येते. दहा लाख ही संख्या दगडातून उष्णता किती वेगाने पसरते यावरून आलेली आहे. कातळ बदलला की ती थोडी बदलते, पण अंदाजाला पुरेशी आहे. दहा मीटरच्या थरासाठी दहा कोटी सेकंद, म्हणजे सुमारे तीन वर्षे. शंभर मीटरसाठी सुमारे तीनशे वर्षे. एक किलोमीटरसाठी बत्तीस हजार वर्षांच्या आसपास. दहा किलोमीटरसाठी बत्तीस लाख.

प्रत्यक्षात लाव्हा याहूनही लवकर निवतो, कारण तो वरून आणि खालून असा दोन्ही बाजूंनी उष्णता गमावतो, शिवाय भेगांतून पावसाचे पाणी शिरते. हवाई बेटावर १९५९ साली किलाउएया इकी नावाच्या खळग्यात शंभर मीटरहून अधिक खोल लाव्ह्याचे तळे साचले. वर साय धरली आणि १९६० पासून शास्त्रज्ञ त्या सायीवर उभे राहून खाली छिद्रे पाडू लागले. दर काही वर्षांनी साय जाड झालेली आढळायची, खालचा पाक कमी झालेला असायचा. १९९० च्या दशकात ते तळे आतपर्यंत घट्ट झाले. आपल्या सूत्राने तीनशे वर्षे सांगितली असती, लागली पस्तीसच्या आसपास. मुलांना हा फरकही सांगावा. सूत्र चुकलेले नाही, पाणी हिशेबात धरलेले नव्हते.

आता दख्खनकडे वळू. आपला लाव्हा बाहेर आला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. एकदम एका रात्रीत नव्हे. थरावर थर, मध्ये शेकडो-हजारो वर्षांच्या विश्रांती, असे ते काम काही लाख वर्षे चालले. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर डोंगराला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात, ते हेच थर. प्रत्येक थर काही मीटर ते काही दहा मीटर जाडीचा. म्हणजे बराचसा लाव्हा पुढचा थर अंगावर येण्याआधीच निवलेला असणार. आणि सगळा ढीग, दोन किलोमीटर धरला तरी, सव्वा लाख वर्षांत निवायला हवा. ६ कोटी ६० लाख वर्षे हा त्याच्या पाचशेपट काळ. सरांचे "केव्हाच" बरोबर होते.

पण लाव्हा ज्या भट्टीतून आला ती भट्टी खाली असेलच ना? बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत असे, की ती भट्टी आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. त्या काळी भारताची भूमी त्या जागेवरून उत्तरेकडे सरकत होती. चूल तिथेच राहिली आणि आपण तवा घेऊन हजारो किलोमीटर पुढे आलो.

मग खाली गरम का?

तवा निवला, तरी खाली जावे तसे गरम होते. ही उष्णता दोन ठिकाणांहून येते. एक पृथ्वीच्या जन्मापासून तिच्या पोटात राहिलेली. दुसरी, कातळातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होणारी. गंमत अशी, की काळ्या बसाल्टात हे पदार्थ फार थोडे असतात. त्याच्या खाली असलेल्या जुन्या, फिक्या ग्रॅनाइटात ते त्या मानाने बरेच असतात. म्हणजे आपल्या पायाखाली थोडीफार 'शेगडी' असलीच तर ती ज्वालामुखीच्या खडकाची नाही, त्याच्या खाली दडलेल्या, कोट्यवधी वर्षे जुन्या शांत खडकाची आहे. मी स्वतः हे प्रथम वाचले तेव्हा दोनदा वाचले होते.

ही उष्णता किती? दख्खनच्या कातळातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला ४० मिलिवॉटच्या आसपास मोजली गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटरचे छिद्र घेतले. बसाल्ट ३३८ मीटरलाच संपला, त्याखाली जुना खडक लागला, आणि उष्णतेचा आकडा ४३ मिलिवॉटच्या आसपास आला. आता एक एकर उसाचा हिशेब करा. एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. खालून मिळणारी उष्णता सुमारे १६० वॉट, म्हणजे जुन्या साठच्या तीन दिव्यांइतकीही नाही. त्याच एकरावर सूर्याकडून रात्रंदिवसाची सरासरी धरून आठ-नऊ लाख वॉट येतात. ऊस वर बघून वाढतो, हे ठीकच आहे.

कोकणातले ऊन पाणी

इथे कोणीतरी शिक्षक नक्की विचारतील, की मग घाटाखाली गरम झरे कसे? राजापूरजवळचे उन्हाळे, रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, रायगडात पालीजवळचे उन्हेरे. गावांच्या नावांतच ऊन आहे. शिवाय संगमेश्वरजवळचे तुरळ आणि राजवाडी, ठाण्याकडचे गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधोमध, हे झरे ओळीने उभे आहेत. सर्वांत गरम उन्हवऱ्याचा, ७१ अंशांपर्यंत.

ही ओळच बोलकी आहे. ज्वालामुखी असता तर झरे त्याच्याभोवती घोळक्याने असते. किनाऱ्याला समांतर ओळ म्हणजे जमिनीतल्या खोल भेगांची ओळ. पावसाचे पाणी भेगांतून दोन-चार किलोमीटर खाली उतरते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या मोकळ्या भेगेतून, निवायला वेळ न देता, वर येते.

हे पाणी खाली किती तापले असेल, याचा अंदाज छिद्र न पाडताही बांधता येतो, आणि ही युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, तशी गरम पाण्यात खडकातली सिलिकाही जास्त विरघळते. पाणी भरभर वर आले तर ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणून झऱ्याच्या पाण्यात सिलिका किती आहे ते मोजले की ते पाणी खाली किती तापले होते हे उलट हिशेबाने निघते. कोकणातल्या झऱ्यांसाठी हा अंदाज शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने यातल्या काही ठिकाणी काही शे मीटरची छिद्रेही घेतली. झऱ्याच्या शेजारी तापमानाची वाढ मोठी भरते. मात्र ती पाण्याने खालून आणून ठेवलेली उष्णता असते. तोच वाढीचा दर पुढे पाच किलोमीटरपर्यंत ओढत नेला तर कागदावर फार मोठे आकडे येतात. वर्तमानपत्रांतून असे आकडे अधूनमधून येतात, त्यांच्याकडे जरा डोळे किलकिले करूनच पाहावे.

गोठण्याचे छिद्र

आता कोयनेकडे जाऊ. कोयनेच्या शिवाजीसागराला पाणी साठू लागले १९६२ साली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी तिथे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. कोल्हापूर भागातल्या वयस्कर माणसांना ती पहाट अजून आठवते. घरातल्या आजोबांना विचारायला मुलांना सांगा. त्यानंतर आजपर्यंत कोयना-वारणा भागातल्या वीस बाय तीस किलोमीटरच्या लहानशा टापूत धक्के थांबलेले नाहीत. धरणातले पाणी भेगांतून खाली झिरपते, तिथला दाब वाढवते, आणि आधीच ताणाखाली असलेली भेग सरकते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण भेग सरकते पाच-सात किलोमीटर खाली, आणि आपण मोजतो जमिनीवर. म्हणून खालीच जाऊन पाहावे असे ठरले. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे यासाठी प्रयोगशाळा उभी केली.

आधी परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीची छिद्रे घेऊन कातळाचे गाभे, म्हणजे लांबच लांब दगडी दांडके, बाहेर काढले गेले. काही छिद्रांत भूकंपमापक उतरवण्यात आले. मग पाटण तालुक्यात गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये मोठे काम सुरू झाले आणि जून २०१७ मध्ये छिद्र ३०१४ मीटरपर्यंत पोचले. लाव्ह्याचे थर सुमारे १२५० मीटरला संपले आणि ग्रॅनाइट लागला. रासाटीच्या आधीच्या छिद्रात हीच सीमा सुमारे ९३० मीटरवर होती. मध्ये वाळू-मातीचा जुना थर नाही. काळ्या कातळाखाली थेट फिका कातळ.

तीन किलोमीटर म्हणजे काय, हे बोअरची गाडी पाहिलेल्या मुलांना चटकन कळते. गावात बोअर मारताना हवेच्या दाबावर चालणारा हॅमर खाली ठोकत जातो, एकामागून एक पाइप जोडले जातात आणि पांढरट धूळ वर उडते. दोन-तीन तासांत शंभर मीटर होतात. तीन किलोमीटरला सुमारे नऊ मीटरचे सव्वातीनशेहून जास्त पाइप लागतात. बिट झिजला की ते सगळे एकेक करून वर काढायचे, बिट बदलायचा, सगळे परत खाली सोडायचे. दिवस यातच जातो. छिद्राच्या भिंती ढासळू नयेत आणि कातळाचा चुरा वर यावा म्हणून बेंटोनाइटसारखी माती कालवलेला चिखल आत फिरवत ठेवतात. भेग मोठी असली तर तो चिखल भेगेत निघून जातो, वर येतच नाही. खोली दुप्पट झाली की खर्च दुप्पट होतो असे कोणी म्हणाले तर त्याने बोअर मारलेला नाही असे समजावे.

आता उष्णतेचा हिशेब. इथे सहा किलोमीटरवर तापमान १३० ते १५० अंश असावे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपणही तो ताडून पाहू शकतो. वर २६ अंश. पहिल्या एका किलोमीटरच्या बसाल्टात २५ अंशांची वाढ. पुढे ग्रॅनाइटातून उष्णता अधिक सहज वाहते, म्हणून तिथे वाढ कमी, किलोमीटरला सोळा-सतरा अंश. पाच किलोमीटरचे ऐंशी-पंचाऐंशी. बेरीज १३० ते १३६. अंदाजाच्या खालच्या टोकाला आपण बरोबर पोचलो.

खरी भट्टी असेल तिथे

या १३० अंशांची तुलना आइसलँडशी करा. क्राफ्ला या जागत्या ज्वालामुखीजवळ २००९ साली साडेचार किलोमीटर खोल जाण्याचे ठरवून छिद्र सुरू केले होते. ते २.१ किलोमीटरवरच थांबवावे लागले, कारण बिट चक्क शिलारसात घुसला. त्या छिद्रातून पुढे ४५० अंशांची वाफ मिळाली. ती इतकी तिखट, आम्लयुक्त होती की लोखंडाची खैर नव्हती, आणि २०१२ मध्ये झडपा बिघडल्यावर ते छिद्र बंद करावे लागले. त्याच देशात रेक्यानेस येथे २०१७ च्या जानेवारीत ४६५९ मीटर खोलीवर ४२७ अंश मोजले गेले.

इटलीत लार्देरेल्लो येथे जमिनीतल्या वाफेवर पहिल्यांदा विजेचे पाच दिवे लावले गेले ते १९०४ साली. केनियात ओल्कारियाचा पहिला संच १९८१ साली सुरू झाला आणि आज त्या देशाची सुमारे चाळीस टक्के वीज जमिनीच्या उष्णतेतून येते. या सर्व जागांत तीन गोष्टी एकत्र आहेत. ताजी भट्टी, पाणी, आणि पाण्याला फिरायला मोकळ्या भेगा. यंत्रणा म्हणाल तर साखर कारखान्यात मुलांची सहल नेली असेल तर अर्धी पाहिलेलीच आहे. वाफ, टर्बाइन, जनित्र. फक्त बॉयलर आणि त्यात जाळायचा बगॅस यांच्या जागी जमीन.

भारतात यातले सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे लडाखचे पुगा खोरे. तेही ज्वालामुखीचे नाही, हिमालय उचलताना तापलेल्या खडकांचे आहे. १९७० च्या दशकात तिथे घेतलेल्या छिद्रांत, सर्वांत खोल ३८५ मीटर, १४० अंशांपर्यंत तापमान मिळाले. आपल्याला सहा किलोमीटर खाली जाऊन जे मिळेल ते पुग्यात चारशे मीटरच्या आत आहे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ साली तिथल्या पथदर्शी वीज प्रकल्पासाठी करार केला, तो पुग्यात का, हे आता सांगायला नको.

तरीही मारलेच तर?

कोणी म्हणेल, उष्णता हळू येते हे मान्य, पण साठलेली तर पुष्कळ आहे. हे खरे आहे. १४० अंशांचा एक घन किलोमीटर कातळ ५० अंशांनी निववला तर तीस वर्षे सुमारे १२० मेगावॉट उष्णता मिळेल इतका साठा त्यात असतो. पण १४० अंशांवरून वीज करताना दहातला एक भागच हाती लागतो, तोही पेंटेनसारखा कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून. म्हणजे १२ मेगावॉट. शिवाय घट्ट कातळाला भेगा पाडून पाणी फिरवले तरी ते सगळ्या कातळाला शिवत नाही. साठ्याचा जेमतेम काही टक्के भाग हाती येतो. उरले एखाद-दुसरे मेगावॉट. कोयनेच्या धरणावरची वीजकेंद्रे १९६० मेगावॉटची आहेत. आणि निववलेला तो कातळ पुन्हा तापायला, वरच्या वर्गाच्या नियमानेच, हजारो वर्षे लागतात.

खर्च बाजूला ठेवला तरी आपल्या भागापुरती एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कातळाला भेगा पाडायच्या म्हणजे मोठ्या दाबाने पाणी खाली घालायचे. स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराखाली पाच किलोमीटर खोल छिद्रात असे पाणी घातले, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये ३.४ क्षमतेचा धक्का बसला आणि पुढे तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. दक्षिण कोरियात पोहांग येथे चार किलोमीटरहून खोल दोन छिद्रांत पाणी घालण्याचे प्रयोग चालू होते. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथे ५.५ क्षमतेचा भूकंप झाला, माणसे जखमी झाली, इमारती मोडल्या. सरकारने नेमलेल्या समितीने मार्च २०१९ मध्ये सांगितले, की तो भूकंप त्या पाण्यामुळे चाळवला गेला. कोयनेला धरणाच्या पाण्याने जे केले असे मानले जाते, तेच इथे पंपाने केले. ज्या टापूत कातळ आधीच इतका टेकीला आला आहे, तिथे वाफेच्या आशेने दाबाचे पाणी खाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोठण्याच्या छिद्राचा खरा उपयोग ऐकण्यासाठी आहे. भेग सरकण्याआधी तिथला दाब, तापमान, पाणी यांत काय बदलते, ते जवळून कळावे यासाठी.

आणखी एक अडचण शिरोळकरांना कोणी समजावून सांगायला नको. खोल गरम पाणी खारे असते, कोकणातल्या झऱ्यांचेही आहे. ते वापरून झाल्यावर परत खाली सोडावे लागते. ओढ्यात सोडले तर काय होते, हे जमिनीवर मीठ फुलून आलेल्या क्षारपड शेतांच्या तालुक्यात राहणाऱ्यांना पाठ आहे.

थर्मामीटर घेऊन

त्या मुलीच्या वर्गासाठी सरांनी आणि मी मिळून एक काम आखले. ते तुमच्याही शाळेत होईल. प्रयोगशाळेतला ० ते ११० अंशांचा साधा थर्मामीटर घ्यावा. गावातले वेगवेगळ्या खोलीचे बोअर, एक-दोन उघड्या विहिरी, आणि जमल्यास नरसोबाच्या वाडीला संगमावर नदी, अशा जागा निवडाव्यात. नदीचे पाणी तुलनेला हवे, कारण तेवढेच हवेबरोबर बदलते. बोअर निदान पंधरा मिनिटे चालू ठेवून मगच पाणी घ्यावे, नाही तर उन्हात तापलेल्या पाइपाचे तापमान लिहिले जाईल. टाकीतले पाणी तर घेऊच नये. बादलीत पाणी पडत असतानाच, थर्मामीटर बाहेर न काढता वाचावे. बोअरची खोली मालक फुटांत सांगतील, आणि बहुधा थोडी फुगवून. पाणी कोणत्या खोलीवर लागले हेही विचारावे, कारण पाणी तळातूनच येते असे नाही. मोटार पाण्यात बुडालेली असते आणि तीही पाणी किंचित तापवते. हे मुलांना आधी सांगू नये. आकडे जुळेनात की त्यांच्यातलेच कोणीतरी मोटारीकडे बोट दाखवते.

एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात मोजावे. खोली आडव्या अक्षावर, तापमान उभ्या अक्षावर. शंभर मीटरला अडीच अंशांची अपेक्षा आणि साध्या थर्मामीटरची अर्ध्या अंशाची चूक, म्हणजे उथळ बोअरांतला फरक दिसणारच नाही, खोलांतला कदाचित दिसेल. जानेवारीचे मोजमाप झाले तेव्हा ती मुलगी वहीत आकडे लिहून घेत होती. तिच्या घरच्या बोअरचा आकडा शेजारच्या जास्त खोल बोअरपेक्षा मोठा निघाला, आणि ती मालकाला पुन्हा खोली विचारायला निघाली.